पांढऱ्या चौकोनाभोवतीचं धुकं

माझ्या घरात कुठलीच वस्तू मला विचारून येत नाही, तेव्हा ते खोकंही न विचारताच आलं. आलं आणि दारात आडवं अडकलं. बाहेरून माझा भाऊ ढकलतोय, आतून माझी लेक ओढतेय आणि मध्ये मी, तोंडात दोरा, मांडीवर कुणाची तरी गुडघ्यात फाटलेली पँट.

"ताई, जरा सरक ना."

"मी सरकू? माझ्याच घरात? आधी ते खोकं उभं कर, अकलेच्या कांद्या!"

उभं केल्याबरोबर खोकं सुळकन आत आलं. सहा फूट उंचीच्या माणसाला एवढं सुचत नाही, आणि म्हणे लोक याचं लिखाण वाचल्याशिवाय दुकानात पाऊल टाकत नाहीत.

हा माझा धाकटा भाऊ. घरात सगळे त्याला बारक्या म्हणतात, अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला तरी. कॉम्प्युटरचे मॉनिटर आणि टीव्ही तपासून त्यांच्याविषयी लिहायचं, हा त्याचा गेल्या वीस वर्षांचा उद्योग. कंपन्या वस्तू पाठवतात, हा तपासतो, लिहितो आणि परत पाठवतो. राहतो दोन गल्ल्या पलीकडे, एकटा. पण वस्तू तपासायला आणतो माझ्या उरावर. त्याचा नियमच आहे तसा. वस्तू आठवडाभर अशा घरात राहिली पाहिजे जिथं प्रत्येकाचं तिच्याशी वेगळं काम असेल. आमचं घर त्याला सोयीचं पडतं. माझी लेक चिमी कॉलेजच्या संघातून गेम खेळते, स्पर्धांना वगैरे जाते. चिमीचे बाबा शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासतात, घरीच बसून. दिवसभर अक्षरांत नाक. आणि मी रफूचं काम करते.

"माझा काय उपयोग रे तुला?" मी एकदा विचारलं होतं.

"तू खोट काढतेस," बारक्या म्हणाला. "न सांगता, न थांबता. असा माणूस पैसे देऊन मिळत नाही."

मॉनिटर टेबलावर चढला. सत्तावीस इंची, पाठीला पातळ. बारक्या त्याच्यासमोर असा उभा, जणू मुलगी बघायला आलाय.

"ओलेड आहे ताई. गेम खेळणाऱ्यांसाठी काढलाय. सेकंदाला दोनशे चाळीस वेळा चित्र बदलतो."

"कशाला एवढी घाई?"

"ते चिमीला विचार. मला याचं काळं बघायचंय." मग त्याने मला शिकवणी दिली, दर वेळी देतो तशी. साध्या मॉनिटरच्या मागे दिवे असतात. काळं दाखवायचं म्हणजे दिव्यापुढची झडप लावून घ्यायची, पण फटीतून उजेड येतोच, म्हणून काळं कधी पुरतं काळं होत नाही, आणि काळ्यात काही पांढरं असलं की त्याच्याभोवती धुकं पसरतं. "यात तसं नाही. यात प्रत्येक ठिपका स्वतःच दिवा. काळं म्हणजे दिवा बंद. संपलं. शेजारच्याचा उजेड याच्या अंगणात सांडतच नाही."

मला ते लगेच पटलं. काळ्याबद्दल मला कुणी शिकवायची गरज नाही. तीस वर्षं मी काळ्या कापडाला काळा दोरा जुळवतेय. लोकांना वाटतं काळा म्हणजे काळा. माझ्या डब्यात काळ्याची चौदा रिळं आहेत आणि त्यातली दोन सारखी नाहीत.

पहिले चार दिवस मजेत गेले. चिमी कॉलेजातून आली की दप्तर फेकून मॉनिटरला चिकटायची. "मामा, अरे माणूस कोपऱ्यातून यायच्या आधी दिसतो मला!" मी म्हटलं, मेले, भाजी जळताना दिसत नाही ती तुला. पण मीसुद्धा पाहिलं. जुन्या मॉनिटरवर पळणाऱ्या माणसामागे एक पुसट शेपूट असायचं. इथं पळणारा माणूस नुसता पळत होता. बारक्याने वहीत टिपलं.

चिमीच्या बाबांचं तोंड मात्र पहिल्याच दिवशी वाकडं झालं. भिंग घेऊन मॉनिटरला नाक लावून बसले. "अक्षरांच्या कडेला रंग फुटलाय हो. एका बाजूला हिरवट, एका बाजूला गुलाबी. अनुस्वार आहे की नाही यावर माझी भाकरी, आणि अनुस्वारच रंगीत?"

"बरोबर आहे भावजी. याच्यातल्या ठिपक्यांची मांडणीच तशी आहे."

"आणि सगळं पान पांढरं उघडलं की हा मंद होतो. अंधारातल्या मारामारीला लख्ख आणि धड्याला मंद. शिकवण चांगली आहे."

तेही वहीत गेलं. शिवाय एकच पान दिवसभर जागच्या जागी ठेवलं तर त्याचा डाग कायमचा उमटू शकतो, असं बारक्याने सांगितल्यावर आमच्या ह्यांनी आपला जुना मॉनिटर पोटाशी धरल्यासारखा जवळ ओढला आणि नव्याचं नाव टाकलं.

माझी खोट तिसऱ्या दिवशी निघाली. दुपारी मी खिडकीचा पडदा सारला, ऊन आत आलं, आणि बंद मॉनिटरकडे बघून म्हटलं, "हे काळं नाहीये. वांगी आहे."

"काय?"

"वांगी. जांभळट. अंधारात असेल काळा, उन्हात तुझा मॉनिटर वांगी आहे. खिडकीसमोर बसणाऱ्याने घेऊ नये म्हणून लिही."

बारक्या उठून जवळ आला. मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिला. "हो," म्हणाला. "आहे खरं." पण तो 'हो' मला काही रुचला नाही. दुकानात गिऱ्हाईक दोन कापडं हातात धरून 'हो हो, फरक आहे' म्हणतं ना, फरक दिसत नसताना, तसा तो हो होता. पण मी कामात होते. सोडून दिलं.

पाचव्या दिवशी खरी परीक्षा, काळ्याची. त्याने भर दुपारी खोलीत अंधार केला. माझ्याकडचं कोटाच्या अस्तराचं कापड खिडकीला ठोकलं, दाराच्या फटीत चादर कोंबली. मॉनिटर पूर्ण काळा आणि मधोमध एक पांढरा चौकोन, अंगठ्याच्या नखाएवढा. मी चहा घेऊन आत गेले तर हा कपाळाला हात लावून बसलेला.

"धुकं आहे ताई. चौकोनाभोवती. केवढं धुकं."

मी बघितलं. मला चौकोन दिसला. कात्रीने कापून चिकटवावा तसा धारदार. आजूबाजूला मिट्ट काळोख.

"मला नाही दिसत."

"तुला सवय नाही बघायची."

बस्स. माझं डोकंच फिरलं. मला सवय नाही? कपाची बशी अशी आपटली की चहा तिच्यात उतरला. पण हा ऐकतोय कशाला! मोजायचं यंत्र लावलं, यंत्र म्हणालं काळं म्हणजे शून्य. तर म्हणे यंत्राला इतका मंद उजेड कळतच नाही. कंपनीत फोन लावला. पलीकडची बाई बिचारी अदबीने म्हणाली, सर, ओलेडमध्ये असं होऊच शकत नाही. त्यावर हा, ज्याने आयुष्यात दूधवाल्यालासुद्धा आवाज चढवून बोललेलं मी ऐकलं नाही, तो ओरडला, "तुम्ही मला शिकवताय?"

दुसऱ्या दिवशी बदली मॉनिटर आला. या वेळी खोकं उभं आणलं, तेवढी प्रगती. पुन्हा अस्तर, पुन्हा चादर, पुन्हा चौकोन.

"यातही तेच."

"मामा, अरे काहीच नाहीये," चिमी म्हणाली.

"तू लहान आहेस."

तो लिहायलाच बसला. सोमवारी सकाळी लेख जाणार होता. मथळा मी त्याच्या खांद्यावरून वाचला: दोन्ही नगांत दोष, काळ्याचा दावा खोटा. चिमीने मला स्वयंपाकघरात ओढलं. तिचे डोळे भरले होते. "आई, थांबव त्याला. ओलेडमध्ये धुकं आहे असं मामाने लिहिलं तर लोक हसतील गं. नुसते हसणार नाहीत, पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही. वीस वर्षांचं नाव जाईल त्याचं."

ती म्हणाली ते मला कळलं, पण माझी नजर गेली ती वेगळ्याच गोष्टीवर. दाराजवळच्या खुंटीला बारक्याचा काळा कोट लटकत होता.

त्या कोटाचं असं झालं होतं. तीन महिन्यांपूर्वी त्याचं उजवं कोपर कुठल्याशा कडीत अडकून फाटलं. बारक्या म्हणाला आत्ताच्या आत्ता हवाय. माझं नेमकं त्या काळ्याचं रीळ संपलेलं. शेवटी कंटाळून मी गडद निळा दोरा घेतला आणि भरून दिलं. मनात म्हटलं, आता हा ओरडणार. ज्याला लहानपणी शाळेच्या दोन पांढऱ्या शर्टांतला फरक कळायचा तो काळ्यातला निळा सोडेल होय? मी उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं. पण त्याने कोपर खिडकीत धरलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं आणि म्हणाला, "ताई, जादू आहे तुझ्या हातात. कुठं फाटलं होतं तेच कळत नाही."

मी अशी फुगले, अशी फुगले! तीन महिने येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते. माझा भाऊ, ज्याच्या नजरेवर अख्ख्या कंपन्या थरथरतात, त्याला माझं रफू सापडलं नाही. निळ्या दोऱ्याचं सांगत नव्हते, तेवढं हातचं राखलं होतं.

आणि आता तो कोट बघताना मला सगळं एकामागून एक आठवायला लागलं. स्कूटर अंधार पडायच्या आत घरी नेऊन लावतो, का तर म्हणे ब्रेक बिघडलाय. चार महिने ब्रेक बिघडलेला! समोरून दिवे लावून गाडी आली की रस्त्यातच थांबतो. वांगी रंगाला तो तसला 'हो'. अगं बाई, मी म्हटलं, माझ्या हाताची जादू नव्हतीच ती.

मी बटणांच्या डब्यातून कोटाचं मोठं काळं बटण काढलं आणि अंधाऱ्या खोलीत गेले.

"बारक्या, उठू नकोस. धुकं दिसतंय आत्ता?"

"ताई, मी कामात—"

"दिसतंय का?"

"दिसतंय. हाताएवढं, चहूकडे."

आमच्या कामात असं असतं, की कोटाला चकचकीत बटण असलं आणि शेजारी फाटलेलं असलं तर त्या चकाकीने कापडाचा पोत दिसत नाही. तेव्हा मी अंगठ्याने बटण झाकते आणि मग कापड बघते. इतकं साधं. मी हात लांब करून ते काळं बटण त्या पांढऱ्या चौकोनावर धरलं. चौकोनापुरतंच, आजूबाजूचा मॉनिटर उघडा.

"आता धुकं बघ. चौकोनाकडे नको बघू. धुकं आहे का?"

मी बटण काढलं, पुन्हा धरलं, पुन्हा काढलं. माझा हात भरून आला.

"गेलं," शेवटी म्हणाला. आवाज अगदी बारीक. "तू झाकलंस की जातं."

"मग?"

"मग ते मॉनिटरमध्ये नाहीये ताई. मॉनिटरमध्ये असतं तर चौकोन झाकला तरी बाजूला राहिलं असतं." त्याने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "ते माझ्यात आहे."

चिडायला माझ्याकडे शंभर गोष्टी होत्या. मी त्याच्या शेजारी स्टुलावर बसले आणि मला एकही आठवेना.

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. मला वाटलं चष्मा बदलला की जाईल. मग वाटलं, झोप कमी आहे. मग..." त्याने मांडीवरचा चष्मा मिटला. "ताई, अण्णांचं आठवतं ना तुला?"

आठवतं ना. अण्णा म्हणजे आमचे वडील. शेवटची सहा वर्षं भिंतीला हात लावत लावत फिरायचे. वर्तमानपत्र बारक्या वाचून दाखवायचा, चित्रांसकट. चित्रात काय आहे, कुठला रंग आहे, सगळं सांगायचा. मला नेहमी वाटतं की बघून नेमकं सांगायचं हे त्याचं जे वेड आहे ते तिथंच लागलं.

"डोळे गेले तर मी काय करू गं? मला दुसरं काही येत नाही."

"खोकं आडवं ढकलता येतं," मी म्हटलं आणि रडले. तोही रडला. अंधारच होता, कुणाला दिसायचं नव्हतं, म्हणून दोघं मनसोक्त रडलो. मग मी चिमीच्या बाबांना हाक मारली, खिडकीचं अस्तर ओरबाडून काढलं आणि म्हटलं, "कोट चढव. आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

"सोमवारी लेख—"

"लेख गेला चुलीत!"

डॉक्टरीणबाई चिमीपेक्षा फार मोठ्या नसतील. डोळ्यांत थेंब टाकले, यंत्रातून पाहिलं, आणि विचारलं, "दम्याबिम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या बरीच वर्षं घेताय का?" बारक्याला लहानपणापासून दमा. घेतोच आहे. "मोतीबिंदू आहे दोन्ही डोळ्यांत. त्या गोळ्यांनी लवकर होतो कधीकधी. उजेड त्याच्यावर पडून विखुरतो."

"आणि बाकीचा डोळा? आमच्या वडिलांचे डोळे मागच्या पडद्याच्या आजाराने गेले..." मी मध्येच विचारलं.

"मागचा पडदा छान आहे. वडिलांचा आजार यांना नाहीये. ऑपरेशन करून डोळ्यातलं भिंग बदललं की दिसेल."

बारक्या खुर्चीतून उठेचना. बाई घाबरल्या, चक्कर आली की काय म्हणून. चक्कर कसली, सुटला बिचारा. वर्षभर एकट्याने उरावर घेतलेलं ओझं ते, उतरलं एकदाचं. पण बाहेर पायरीवर आल्यावर मी त्याला सोडला नाही. "वर्षभर! दोन गल्ल्यांवर बहीण राहते आणि वर्षभर गप्प! पुन्हा असं केलंस तर याद राख." तो "नाही गं, नाही गं" म्हणत माझा हात धरून पायऱ्या उतरला. उन्हात थेंबांनी डोळे दिपत होते, म्हणून धरला म्हणाला. मी बरं म्हटलं.

कंपनीतल्या त्या बाईला त्याने स्वतः फोन करून माफी मागितली. खरं कारण सांगितलं. ती म्हणाली, मॉनिटर राहू द्या सर, बरे व्हा, मग लिहा. तिचं भलं होवो.

पंधरा दिवसांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याचं महिन्याने होणार होतं. आठवडाभर तो आमच्याकडेच होता. थेंब टाकायच्या वेळा चिमीने भिंतीवर लिहिल्या होत्या आणि तिचे बाबा त्यातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढून बसले होते.

आठव्या दिवशी दुपारी बारक्याने पुन्हा खिडकीला अस्तर ठोकलं. आम्ही तिघं त्याच्या मागे उभे. काळा मॉनिटर, मधोमध पांढरा चौकोन. त्याने डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. मग हात काढून उजव्यावर ठेवला. मग पुन्हा डाव्यावर.

"मामा, बोल ना!"

"काही नाही," तो म्हणाला. "काहीच नाहीये. केवढं काळं आहे गं हे, चिमे."

त्याच दिवशी त्याने लेख लिहिला. गेम खेळणाऱ्याने डोळे झाकून घ्यावा, सिनेमे बघणाऱ्याने अंधार करून बघावेत, दिवसभर अक्षरांत राहणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, खिडकीसमोर ठेवू नये, तिथं तो वांगी दिसतो. आणि वरती, सगळ्यांच्या आधी, एक ओळ: या मॉनिटरमधला जो दोष मला पहिल्यांदा दिसला तो माझ्या डोळ्यातला मोतीबिंदू होता, तो माझ्या बहिणीने कोटाच्या बटणाने शोधला. चिमी म्हणाली, हसतील मामा. बारक्या म्हणाला, हसू देत, खरं आहे. हसले थोडे. त्याहून जास्त लोकांनी कळवलं की आमच्यापण वडिलांना दिव्याभोवती असंच दिसतं, दाखवून येतो.

लेख पाठवून तो घरी निघाला. खुंटीवरचा कोट घेतला, हात घातला आणि खिडकीजवळ थबकला. ऊन होतं. कोपर वर धरलं. डाव्या डोळ्यावर तळहात.

माझ्या हातातली सुई थांबली.

"ताई."

"काय?"

"हा दोरा निळा आहे."

मी सुई पँटमध्ये खोचून ठेवली.

"काळ्या कोटाला निळा दोरा? तू? आणि टाके तरी बघ, केवढे लांब! हे इथून तिथपर्यंत सगळं दिसतंय. चार महिने मी हे घालून हिंडतोय?"

तीस वर्षांत माझ्या कामाला कुणी इतकी नावं ठेवली नव्हती. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मला इतका आनंद झाला होता, इतका, की समोरची पँट मला दिसेना.

"दे इकडे," मी म्हटलं, नाक पुसत. "उसवून नीट भरून देते."

त्याने कोपर छातीशी धरलं.

"हात लावू नकोस. दिसतंय मला ते. राहू दे."